मदत हवी आहे : स्कॉटलंडच्या हायलँड्समधली आलिशान रेल्वे सफर

नमस्कार मंडळी. आई-बाबांना 'रॉयल स्कॉट्समन'ने हायलँड्स दाखवायचा विचार आहे. एडिंबरातून सुटणारी, मोजक्याच प्रवाशांची ही गाडी रात्री कुठेतरी शांत जागी उभी करून ठेवतात. आईची झोप फार सावध, त्यामुळे मला हीच गोष्ट सर्वांत आवडली.

अडलंय ते मार्गावर. मला पश्चिमेची वाट खुणावते. रॅनख मूरच्या दलदलीत झाडांच्या फांद्या, मुळं आणि मातीचे थर घालून त्यावर रूळ टाकलेत. ते काम करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं! तिथेच ४०० मीटरहून उंचावरचं कोरूर स्टेशन, पुढे ग्लेनफिननचा २१ कमानींचा वळणदार पूल आणि शेवटी समुद्रकाठचं मॅलेग. बाबांना मात्र इन्व्हर्नेसहून काइल ऑफ लोखॅल्शला जायचंय, कारण समोर स्काय बेट दिसतं. दोन्हीकडे गेलेलं कोणी आहे का? ज्येष्ठांना कोणती वाट सोसेल?

महिना कोणता निवडावा? जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण उन्हाळ्यात मिज नावाची चिलटं चावतात. ऑगस्टमध्ये हेदर फुलून डोंगर जांभळे होतात.

बाबांचे गुडघे दुखतात. डब्यात चढउतार कितपत जड जाते? रात्रीच्या औपचारिक जेवणाला आईने साडी नेसली तर चालेल ना?

याच रुळांवरून साधी गाडीही जाते, तिचं तिकीट कितीतरी स्वस्त. तरीही आलिशान गाडीचे पैसे सार्थकी लागले असं कोणाला वाटलं असेल, तर का ते जरूर लिहा.