अमारोक ३.३ : चेहरा तोच, इंजिन नवं. आपल्या संग्रहाला हे पुरतं का?

रामबागकर (धागाकर्ता)

मंडळी, इंदूरला आमच्या रामबागेतल्या गाण्याच्या वर्गात एक संगणक आहे. त्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नेहमीचे अपडेट थांबले, आणि पुढचं विंडोज काही त्या यंत्रावर चढेना. म्हणून लिनक्स टाकलं, डेस्कटॉप केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा घेतला. आता वर्गाचा गाण्यांचा संग्रह ऐकायला मी अमारोक ३.३ हा केडीईचा म्युझिक प्लेअर लावतो म्हणतोय, तर वर्गातली तरुण मंडळी नाकं मुरडतायत.

अमारोकचा इतिहास ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००६ च्या १.४ आवृत्तीवर लोकांचा जीव होता. डिसेंबर २००८ मध्ये २.० आली आणि तिने घडी पार विस्कटली, सवयीच्या कितीतरी गोष्टी गायब. रागावलेल्यांपैकी काहींनी १.४ चाच धागा पुढे नेऊन २०१० मध्ये क्लेमेंटाइन हा प्लेअर काढला, आणि त्यातून पुढे २०१८ मध्ये स्ट्रॉबेरी हा प्लेअर निघाला. इकडे खुद्द अमारोक २०१८ च्या २.९ नंतर निपचित पडला. तो क्यूटी ४ वर (क्यूटी म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं बांधायची सामग्री) बांधलेला, आणि क्यूटी ४ च लिनक्सच्या वितरणांतून काढून टाकलं गेलं. मग एप्रिल २०२४ मध्ये ३.० आली, क्यूटी ५ वर. २०२५ च्या ३.३ ने क्यूटी ६ गाठलं आणि आवाज वाजवायला जीस्ट्रीमर ही यंत्रणा घेतली. पडद्यावर मात्र फारसं काही हललेलं नाही.

मला हेच आवडलं. संग्रह सांभाळणाऱ्या प्लेअरने आतली यंत्रणा खुशाल बदलावी, माणसाच्या हाताला बसलेली मांडणी बदलू नये. २००८ ला जे चुकलं ते या वेळी टाळलंय.

टर्मिनलवाला

भिया, सहा वर्षं झोपलेल्या प्लेअरवर वर्गाचा संग्रह ठेवणार? मोजके स्वयंसेवक तो चालवतात. त्यांना उद्या नोकरी-संसारातून वेळ मिळाला नाही की परत तेच. फोल्डर करा, आत फाइली टाका, एमपीडी (पडद्यामागे चालून गाणी वाजवणारा प्रोग्रॅम) लावून द्या. २००३ पासून चालू आहे, मोबाइलवरूनही वाजवता येतो. बटणांच्या जागेवर भांडण नको, कारण बटणंच नाहीत.

मारवा_संध्याकाळी

दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. क्यूटी ५ का ६, बटणं आहेत का नाहीत, याने ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात बसून तुम्ही संग्रह लावताय, तर त्यांचीच मारवा-दरबारीची एलपी घ्या. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. कुठलाही आल्बमनिष्ठ प्लेअर सूर्यास्ताचा मारवा संपला की लागलीच मध्यरात्रीचा दरबारी सुरू करणार. त्याच्या लेखी आल्बम एकच आहे ना!

आपल्याला लागतो राग. तो कुठे लिहायचा? अमारोकच्या रकान्यांत कलाकार, आल्बम, संगीतकार, प्रकार आहेत, राग नाही. टर्मिनलवाले, तुमच्या एमपीडीचीही टॅगांची, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या रकान्यांची, यादी ठरलेली आहे. त्यात कंडक्टर आहे, मूव्हमेंट आहे, राग नाहीच. मग लोक ‘प्रकार’मध्ये राग कोंबतात, आणि नाट्यसंगीत, ठुमरी, भजन कुठे टाकायचं म्हणून डोकं धरून बसतात.

गंमत अशी की फाइलला काहीच अडचण नाही. फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता दाबलेली फाइल) व्हॉर्बिस कॉमेंट ही टॅग लिहायची जागा असते, तिच्यात हवा तो रकाना काढता येतो. रकान्याचं नाव तेवढं रोमन अक्षरांत द्यावं लागतं, आत ‘मारवा’ खुशाल देवनागरीत लिहा. दोन राग असतील तर तोच रकाना दोनदा. एमपी३ मध्येही स्वतःचा रकाना जोडायची सोय आहे. अडतं ते दाखवणाऱ्यापाशी. क्वॉड लिबेट हा प्लेअर मात्र असे रकाने दाखवतो, त्यावर शोधतो, रागवार चौकटीही लावून देतो. दिसायला अगदी सरकारी फॉर्म, पण काम चोख. माझं मत त्यालाच.

पलासिया_३१

एवढा खटाटोप कशाला? सगळं स्ट्रीमिंगवर आहे.

रामबागकर

@पलासिया_३१, आमच्याकडच्या निम्म्याहून अधिक कॅसेटी घरगुती मैफिलींच्या आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या आहेत. त्या कुठल्या कंपनीने कधी काढल्याच नाहीत, तर स्ट्रीमिंगवर येतील कुठून?

@मारवा_संध्याकाळी, मुद्दा बिनतोड. पण अमारोकमध्ये लेबलं आहेत. एकाच ट्रॅकला ‘मारवा’, ‘संध्याकाळ’, ‘विलंबित’ अशी तीन चिकटवा आणि कशावरूनही शोधा. तेवढं पुरे नाही का? शिवाय वर्गात सत्तरीच्या काकू येतात. त्यांना तुमचा सरकारी फॉर्म कोण भरून देणार?

मारवा_संध्याकाळी

लेबलं चिकटतात ती अमारोकच्या डेटाबेसमध्ये, फाइलला नाही. डिस्क बदलली, यंत्र बदललं, कुणी पेनड्राइव्हवर चार फाइली नेल्या, की तुमचा मारवा मागे राहिला आणि नुसता ‘ट्रॅक ०३’ गेला. पसंतीच्या चांदण्या आणि किती वेळा ऐकलं हे फाइलमध्ये लिहायचा पर्याय आहे, तो तरी आजच चालू करून घ्या. काकूंना फॉर्म भरायचाच नाहीये, तो एकदा तुम्ही भरायचा. त्यांना नुसतं ‘यमन’वर टिचकी मारायची आहे.

कृतिदेव_पीडित

धाग्याला थोडं वळण देतो, माफी असावी. आमच्याकडे मध्य प्रदेशात आणखी एक भानगड आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी सीड्या उतरवल्या त्यांनी नावं कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली. आज कुठलाही प्लेअर उघडा, रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यात जुने टॅग आयडी३ च्या (एमपी३ च्या टॅगांची पद्धत) पहिल्या आवृत्तीतले, शीर्षकाला तीसच अक्षरं, युनिकोडचं नाव नाही. आधी ते युनिकोडमध्ये आणा, मग ठरवा अमारोक का क्वॉड लिबेट. आणि ‘मारवा’ रोमनमध्ये लिहिणार असाल तर डब्ल्यू का व्ही हे वर्गाने आधी ठरवून घ्या, नाहीतर एका रागाचे दोन होतील. म्हणून मी देवनागरीच्या बाजूने.

टर्मिनलवाला

@मारवा_संध्याकाळी, टॅग फाइलमध्येच हवा हे मान्य. पण मग प्लेअर कुठलाही लावा, माझा एमपीडी का नको? फोल्डरला रागाचं नाव दिलं की झालं.

मारवा_संध्याकाळी

एका फोल्डरमध्ये एकच राग बसतो. गायकानुसार कुठे शोधाल? तीच फाइल दोन ठिकाणी ठेवाल?

रामबागकर

बरं, टॅग फाइलमध्ये लिहू, पटलं. पण अमारोक सोडायला मी अजून तयार नाही, कारण आमच्या निम्म्या कॅसेटी सी-९० आहेत. एक बाजू ४५ मिनिटं, ती एकाच फ्लॅक फाइलमध्ये उतरवलेली. आत पूरिया, मग तराणा, मग एखादं भजन, मध्ये वाद्यं लावणं आणि टाळ्या. अमारोक क्यू फाइल वाचतो : कुठल्या मिनिटाला काय सुरू होतं ते एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही. तुमच्या रागाच्या रकान्यात अशी अख्खी बाजू कशी भरणार?

मारवा_संध्याकाळी

मी कापतो. फ्लॅक कापून पुन्हा फ्लॅकच ठेवला की आवाजाचा एक कणही जात नाही, आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा राग लावता येतो.

रामबागकर

आणि वाद्यं लावणं कुठल्या तुकड्यात टाकता? गुरुजी तानपुरा जुळवताना जे बोलतात, तेच ऐकायला पोरं थांबतात आमच्याकडे. मी कापू देणार नाही.

कृतिदेव_पीडित

मूळ बाजू अखंड ठेवा आणि तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये. न दाबलेला सीडी दर्जाचा स्टीरिओ तासाला सुमारे ६३५ एमबी होतो, फ्लॅकमध्ये त्याहून बराच कमी. दोन प्रती ठेवल्या तरी आजच्या डिस्कला काय जड आहे?

मारवा_संध्याकाळी

दोन प्रती म्हणजे टॅग दोनदा दुरुस्त करणं. ते कोण करणार, नाव सांगा आधी.