चौथा मजला, पश्चिमेची भिंत: फ्लॅट घेण्याआधी काय विचारावं?

बेसा_नवं_घर: नागपुरात बेसा भागात बारा फ्लॅटच्या नव्या इमारतीत सर्वांत वरचा फ्लॅट बघतोय. बेडरूम पश्चिमेला. बाबांना ऊन अजिबात सोसत नाही. घरांसाठी ऊर्जाबचतीचे नवे नियम आलेत म्हणतात. बिल्डरला नेमकं काय विचारू?

गच्चीखालचा: दादा, टोकन देण्याआधी दोनच गोष्टी विचारा: बाहेरची भिंत कशाची आणि स्लॅबवर काय टाकणार.

मी सोळा वर्षं साइटवर आहे आणि राहतो सहा इंची काँक्रीट भिंतींच्या टॉवरमध्ये, शेवटच्या मजल्यावर. मे महिन्यात रात्री अकरालाही पश्चिमेची भिंत गरम असते. मुलीची उशी तापायची म्हणून तिचा पलंग भिंतीपासून दोन फूट सरकवलाय. कुलर रात्रभर चालतो.

नियम म्हणजे इको निवास संहिता. २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने आणली. भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवी. छताचा यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको. (यू-व्हॅल्यू जितका कमी, तितकी उष्णता कमी शिरते.) नऊ इंची विटेच्या भिंतीचा साधारण २ येतो, आठ इंची एएसी ब्लॉकचा (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा), म्हणजे आपल्या सिपोरेक्सचा, ०.८ च्या आसपास. छताला मात्र नुसता कोबा (वॉटरप्रूफिंगचा विटांच्या तुकड्यांचा थर) पुरत नाही. स्लॅबवर एक-दोन इंची एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारी फोमची शीट, लागते.

माझं खरं दुखणं पुढे आहे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने निवासी इमारती कक्षेत आल्या, पण १०० किलोवॅट जोडभार (इमारतीत जोडलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून वीज) किंवा १२० केव्हीए करारातल्या वीजमागणीपासून पुढे. तुमचे बारा फ्लॅट, प्रत्येकी ५ किलोवॅट धरा, झाले ६०. लिफ्ट-पंप मिळवूनही शंभराच्या आतच. ही मर्यादा खाली आणायची मुभा राज्याला आहे, ती वापरलीच पाहिजे. ऊन काय इमारत बघून पडतं? तोवर हे सगळं करारनाम्यात लिहून घ्या, तोंडी नको.

सावली_हवी: खिडकीवरचा छज्जाही बघा हो. आमच्याकडे शोभेपुरता नऊ इंची होता. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जाखालून थेट पलंगावर. शेवटी बाहेरून बांबूचे पडदे लावले, तेव्हा दुपारी खोलीत बसता येऊ लागलं. गच्चीवर पांढरी चायना मोझॅक (चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी) केली, त्यानेही फरक पडला.

गच्चीखालचा: काकू, बरोबर. पडदा काचेच्या बाहेरच हवा. आतून लावला तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं.

बेसा_नवं_घर: आज जाऊन आलो. पश्चिमेला सहा इंची फ्लायॲश वीट होती. आमच्या मजल्यापुरतं आठ इंची सिपोरेक्स करायला तयार झाले, फरकाचे पैसे मी देणार. शीटला मात्र नाही म्हणाले, गच्ची सगळ्यांची आहे म्हणून. वरच्या मजल्यावरच्या बाकी दोघांचे नंबर घेतलेत. रविवारी तिघं मिळून भेटतोय.

गच्चीखालचा: वॉटरप्रूफिंगच्या आधी भेटा. कोबा पडला की शीट घालायला तो फोडावा लागतो.