भुशात बियरचा चोथा मिसळला आणि १२ पैकी ९ पिशव्या हिरव्या, कुठे चुकलं?

धिंगरीवेडा:
नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत धिंगरी (ऑयस्टर मशरूम) नुसत्या पेंढ्यावर करत होतो, बरी यायची. यावेळी लाकडाचा भुसा घेतला आणि बियर करून उरलेला बार्लीचा चोथा फुकट मिळाला म्हणून तोही घातला, त्यात प्रोटीन असतं मग पीक वाढेल असं वाटलं. १० किलो भुसा, १० किलो ओला चोथा, वरून २० लिटर पाणी. ड्रममध्ये २ तास उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलं, गार झाल्यावर स्पॉन (मशरूमचं बियाणं) टाकून पिशव्या भरल्या. आठव्या दिवशी ९ पिशव्या हिरव्या, आणि उरलेल्या तीनपैकी एकीला आंबूस वास, तळाशी चिकट पाणी. चोथा दोन दिवस पोत्यात होता, त्याने काही झालं असेल का?

जुनाबुरशीवाला:
झालं असेल का काय, तिथूनच सुरुवात झाली दादा. ओला चोथा म्हणजे बॅक्टेरियाला आमंत्रण, उकाड्यात एका दिवसात आंबतो. आणला की त्याच दिवशी वापरायचा, नाहीतर पातळ पसरून कडक वाळवायचा.
दुसरं, पाण्याचा हिशोब. ओल्या चोथ्यात पाऊण भाग पाणीच असतं, म्हणजे तुमच्या १० किलोत कोरडा माल अडीच किलो आणि साडेसात लिटर पाणी आधीच आलं, वरून २० ओतलं तर ओलावा ६९ टक्क्यांच्या आसपास गेला. भुसा कोरडा धरला तरी १३ लिटर पुरे होतं, ६० ते ६५ टक्के ओलावा मिळाला असता. मूठ जोरात दाबली की दोनचार थेंब पडावेत, धार नको.
आणि २ तास वाफ पेंढ्याला चालून जाते, याला नाही. साध्या भुशात नायट्रोजन फारच कमी, त्यात इतर बुरशीला खायला विशेष काही नसतं. तुम्ही चोथा घालून पंगतच मांडलीत, मग ट्रायकोडर्मा येणारच (तो हिरवा तोच). वर आंबूस वासवाले बॅक्टेरिया, त्यांचे बीजाणू १०० डिग्रीला मरत नाहीत. त्यासाठी १५ पीएसआय प्रेशर, १२१ डिग्री, आणि दोन किलोची पिशवी असेल तर दोन-अडीच तास, तेही प्रेशर आल्यावर मोजायचे, कारण पिशवीचा मध्यभाग उशिरा तापतो.

सावलीतली_शेती:
वरचं सगळं बरोबर, फक्त प्रेशर कुकर नसेल तर काहीच होत नाही असं नाही. मी चोथा एकूण कोरड्या वजनाच्या ५ टक्क्यांवर ठेवते आणि ड्रममध्ये १२-१४ तास वाफ देते. तरी एखादी पिशवी जातेच, ती धरूनच चालायचं. तुमचं प्रमाण २० टक्के होतं, तेवढं कुकरवाल्यांनाही जड जातं, आणि जास्त नायट्रोजनने पिशवी आतून तापते ते वेगळंच. स्पॉन टाकल्यावर पिशव्या एकावर एक रचू नका, मध्ये फट ठेवा.
भुसा कुठला होता? पिठासारखा बारीक असेल तर घट्ट बसतो आणि हवा जात नाही, थोडा जाड तुकडा मिसळा. प्लायवूड-एमडीएफचा असेल तर टाकूनच द्या, त्यात गोंद असतो.

धिंगरीवेडा:
अरे बापरे, पाण्याचा हिशोब तर डोक्यातच नव्हता. भुसा लाकडाचाच आहे पण बारीक, चाळून बघतो. पुढच्या वेळी ५ टक्के वाळवलेला चोथा आणि १२ तास वाफ, आणि दोन पिशव्या बिनचोथ्याच्या बाजूला, फरक कळेल. त्या हिरव्या पिशव्या अजून त्याच खोलीत आहेत, उघडून आतून बघू का?

जुनाबुरशीवाला:
उघडू नका!! हिरवी पावडर म्हणजे बीजाणूच, खोलीभर उडतील. तोंड बांधलेलंच ठेवून आत्ता उचला, बाहेर लांब नेऊन पुरा, मग खोली पुसून घ्या.

धिंगरीवेडा:
एक कालच उघडली होती 🙈

जुनाबुरशीवाला:
मग दुसरी खोली शोधा.