दहा मिनिटांत कृष्णविवर कळलं म्हणणाऱ्यांसाठी

मंदाकिनी_सातारा

परवा ओंकार_जिंतूर यांनी इथे लिहिलं: "शाळा-कॉलेजच्या बारा वर्षांत जे कळलं नाही ते यूट्यूबवर दहा मिनिटांत कळलं. कृष्णविवर, क्वांटम, क्रिस्पर, सगळं. मास्तरांनी आता दुकान बंद करावं." खाली लाइकचा पाऊस. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, तेव्हा हा रोख माझ्याकडेच आहे. सविस्तर उत्तर देते.

कळल्यासारखं वाटणं वेगळं आणि कळणं वेगळं. हे व्हिडिओ पहिलं काम इतकं सुरेख करतात की दुसरं राहिलंय हे लक्षातच येत नाही.

गेल्या महिन्यात बारावीतल्या एका मुलाने वर्गात कृष्णविवरावर छान बोलून दाखवलं. घटना क्षितिज (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा), एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा, ते साडेपाच कोटी प्रकाशवर्षांचं अंतर, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, सूर्य उचलून त्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वीचं काय होईल? "आत ओढली जाईल ना, मॅडम." अख्ख्या वर्गाने माना डोलावल्या. मग त्याच्या हातात खडू दिला आणि दहावीत पाठ केलेलं न्यूटनचं सूत्र लिहायला लावलं. वस्तुमान तेच. अंतर तेच. मग बल? पोरगा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग मागे वळून म्हणाला, "तेवढंच. म्हणजे पृथ्वी फिरतच राहणार?" फिरतच राहणार. अंधार होईल, सगळं गोठेल, पण कक्षा तीच. सूर्याच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर, आणि आपण १५ कोटी किलोमीटर दूर.

सूत्र दोन वर्षं डोक्यात होतं, कृष्णविवरही डोक्यात होतं. दोन्हींची गाठ पडली ती खडू हातात आल्यावर.

हे मी एकटीच म्हणत नाही. यूट्यूबवरच्या व्हेरिटासियम या विज्ञान चॅनेलवाल्या डेरेक म्युलरची सिडनी विद्यापीठातली २००८ ची पीएचडी याच विषयावर आहे. फिजिक्सचा नेटका, सोपा व्हिडिओ पाहिलेले विद्यार्थी म्हणाले "एकदम स्पष्ट होतं", आणि चाचणीतले गुण जागच्या जागी. दुसऱ्या गटाला नेहमीच्या चुकीच्या समजुती मांडून त्यांच्याशी वाद घालणारा व्हिडिओ दाखवला. ती मुलं म्हणाली गोंधळ झाला, पण गुण यांचे वाढले. स्वतःचं उत्पन्न व्हिडिओवर असलेला माणूस हे सांगतोय.

ओंकार_जिंतूर

मॅडम, तुमच्या वर्गात पोराच्या हातात खडू देणाऱ्या बाई आहेत. आमच्या नव्हत्या. सगळा फरक तिथे आहे आणि तुम्ही त्यावरून सरळ पुढे गेलात.

आमच्या शाळेला प्रयोगशाळा होती. म्हणजे खोली होती, दारावर पाटी होती आणि कडीला कुलूप होतं. तपासणीच्या दिवशी ते निघायचं. भिंगं ब्राऊन पेपरात गुंडाळलेली, जशी आली तशी. मुलांनी फोडली तर भरपाई कोण करणार, हे उत्तर ठरलेलं. प्रयोगवही आधीच्या बॅचची उतरवायची, वाचनांसकट. व्हर्निअर (बारीक लांबी मोजायचं साधन) मी पहिल्यांदा हातात धरला तो बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत, आणि शून्य कुठून मोजायचा हे शेजारच्या पोराला विचारलं. त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

मग डेटा स्वस्त झाला. रात्री शेतावरच्या खोलीत तीन-तीनदा मागे नेऊन एकेक व्हिडिओ पाहिला, इंग्रजी कळायचं नाही म्हणून चित्रं बघत. लाट आणि कण हे काय प्रकरण आहे ते मला तिथे पहिल्यांदा दिसलं. आज मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो ते त्या व्हिडिओंच्या जोरावर, त्या कुलपाच्या नाही.

आणि दोन गोष्टी. तुमचा तो म्युलर पीएचडी करून शेवटी काय करायला बसला? व्हिडिओच. आणि सूर्याच्या जागी कृष्णविवर हे उदाहरण कुर्झगेझाग्ट या यूट्यूब चॅनेलच्या २०१५ च्या व्हिडिओत चक्क सांगितलंय, "पृथ्वीला फारसा फरक पडणार नाही, आपण गोठून मरू" अशा अर्थाचं. तेव्हा व्हिडिओ खोटं शिकवतात हे म्हणू नका.

वैदेही_डोंबिवली

तुम्ही दोघं मोठ्या माणसांचं बोलताय. माझी मुलगी सहावीत. अभ्यासाचा म्हणून मंगळाचा व्हिडिओ लावून दिला आणि पोळ्या करायला गेले. परत आले तर मंगळावर सापडलेला पुतळा, आवाज असा की शपथेवर सांगतोय. त्या दोन व्हिडिओंमध्ये तिने बोट लावलेलं नव्हतं, आपोआप आला. एक खरा, एक थाप, दिसायला सारखे, संगीत सारखं. मी फोन काढून घेतला की घरात रडारड. कुठला व्हिडिओ चांगला ही चर्चा नंतर करा, आधी त्या पाठोपाठ काय येतं ते बघा.

जुना_प्रेक्षक

दूरदर्शनवर १९८४ पासून यूजीसीचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे. नंतर 'टर्निंग पॉइंट' या विज्ञान कार्यक्रमात शास्त्रज्ञ प्रा. यशपाल लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. प्रश्न माणसांचे असायचे, म्हणून ऐकावंसं वाटायचं. आणि नारळीकर सरांची पद्धत आठवा: स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला सांगायचे, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करीन. मुलाला आधी प्रश्न शोधावा लागायचा. आजच्या व्हिडिओत प्रश्नही तेच विचारतात, उत्तरही तेच देतात. मुलाने काय करायचं? सर २०२५ मध्ये गेले. ते पोस्टकार्ड आता कोण लिहिणार?

ओंकार_जिंतूर

काका, ज्याच्या गावात नारळीकर आले त्याने पोस्टकार्ड लिहिलं. आमच्या गावात कुणी आलं नाही.

लाईनवाले_तात्या

वाचत होतो, राहवलं नाही. नोकरी सगळी लाईनवर गेली. आता आयटीआयची इलेक्ट्रिशियनची पोरं हाताखाली शिकायला येतात. त्यातला एक परवा म्हणतो, "तात्या, वीज तारेतून जातच नाही, तारेबाहेरून जाते. व्हेरिटासियमने दाखवलंय." मंदाकिनीताई ज्याचा दाखला देतात तोच हा चॅनेल! मी विचारलं, मग गीझरला अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर का ओढतो? एकची टाक. ती तापून इन्सुलेशन वितळेल ते कशाने? पोरगं हसतंय. त्याला वाटतं म्हाताऱ्याला नवीन विज्ञान माहीत नाही.

वीज ही गंमत नाही. आमच्यातल्या एकाने परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी) घेतलं, एबी स्विच (लाईन तोडायचा खांबावरचा स्विच) उघडला, लाईन बंद. एकाच खांबांवर दुसरी लाईन चालू होती. यानं बंद लाईनला अर्थिंग न करता हात लावला. झटका बसला, खांबावरून खाली. जीव वाचला, कंबर कायमची गेली. लाईन बंद होती! अशा कामावर जाणाऱ्या पोराच्या डोक्यात "वीज तारेत नसतेच" हे भरणारा माणूस सातासमुद्रापार बसलाय, त्याचं काय जातं?

निळा_लिटमस

तात्या, आदर ठेवून सांगतो, तुमचीच घटना त्या व्हिडिओचं म्हणणं सिद्ध करते. बंद लाईनमध्ये व्होल्टेज कुठून आलं? दोन्ही तारा एकमेकींना कुठेच चिकटलेल्या नव्हत्या. शेजारच्या चालू तारेभोवतीचं क्षेत्र मधल्या हवेतून बंद तारेपर्यंत पोचलं. तारेबाहेर काहीतरी असतं ते हेच.

तुमच्या पोराने अर्धंच ऐकलंय. करंट तारेतूनच जातो, कुणीही नाही म्हणालेलं नाही. तारेचा रोध त्या करंटला अडवतो आणि तिथे जी ऊर्जा खर्ची पडते त्याने तार तापते, म्हणून गीझरला अडीचची. पण दिव्यापर्यंत ऊर्जा पोचवण्याचं काम इलेक्ट्रॉन धावत येऊन करत नाहीत. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून १ अँपिअर जात असताना इलेक्ट्रॉन तासाला पंचवीसेक सेंटीमीटर सरकतात. घरच्या एसीमध्ये तर तेही नाही, जागच्या जागी सेकंदाला ५० वेळा मागेपुढे. कोयनेहून निघालेला इलेक्ट्रॉन तुमच्या घरच्या दिव्यात कधीच येत नाही. ऊर्जा वाहते ती तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून, तार तिला वाट दाखवते. पॉइंटिंग या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने हे १८८४ मध्येच मांडलंय, यूट्यूबने नाही.

लाईनवाले_तात्या

माझ्या मित्राची कंबर तुमच्या चर्चेतला पुरावा नाही. कुठे बसून लिहिताय?

निळा_लिटमस

आखेनमध्ये, जर्मनी. त्याचा इथे काय संबंध? पुरावा म्हणून वापरलं ते जिव्हारी लागलं असेल तर क्षमा करा, पण भौतिकशास्त्र त्याने बदलत नाही.

लाईनवाले_तात्या

संबंध असा की तुम्हाला खांबावर चढायचं नाही. चालू लाईनमुळे बंद लाईनला इंडक्शन येतं हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. आधी डिस्चार्ज रॉड (तारेतला उरलेला भार जमिनीत सोडणारी काठी) लावायचा, दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, मग हात. ते तारेबाहेरचं क्षेत्र म्हणजे हेच असेल तर ठीक, मान्य. पण मग व्हिडिओत हेच दाखवायचं होतं ना! तिथे काय दाखवलं? ३ लाख किलोमीटरच्या तारा आणि एक मीटरवर दिवा. असली लाईन कोण ओढणार आहे?

मंदाकिनी_सातारा

तात्यांच्या बाजूने बोलते. त्या २०२१ च्या व्हिडिओत विचारलं होतं की बटण दाबल्यावर दिवा कधी लागेल, आणि उत्तर दिलं: तारांच्या लांबीशी संबंध नाही, एक मीटर ओलांडायला प्रकाशाला लागतो तेवढा वेळ, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशात. ते खरं केव्हा? दिवा कितीही कमी करंटला "लागला" असं मानलं तर. सुरुवातीला येतो तो समोरच्या तारेकडून हवेतून पोचलेला अगदी थोडा करंट. पूर्ण प्रकाश तारेतून फेरी पूर्ण झाल्यावरच. ही अट पोरांच्या लक्षात राहिली का? नाही. लक्षात राहिलं "वीज तारेतून जात नाही". जगभरचे इंजिनिअर तुटून पडले तेव्हा पुढच्या वर्षी त्याला दुसरा व्हिडिओ करून, प्रत्यक्ष तारा लावून हे स्पष्ट करावं लागलं. चुकीच्या समजुतींवर पीएचडी केलेल्या माणसाच्या व्हिडिओतून नवी चुकीची समजूत तयार होते, मग बाकीच्यांचं काय सांगायचं?

निळा_लिटमस

दुसरा व्हिडिओ केला हे तरी बघा! कुठल्या पाठ्यपुस्तकाने असं केलंय? "करंट म्हणजे पाइपमधलं पाणी" हे आपण किती पिढ्या शिकवतोय, एकाही मास्तरने पुढच्या वर्षी येऊन दुरुस्ती केली नाही. त्या एका व्हिडिओमुळे जेवढ्या इंजिनिअरांनी पॉइंटिंगचं पुस्तक पुन्हा उघडलं तेवढ्यांनी कॉलेज सुटल्यावर उघडलं नव्हतं. मीही त्यात आलो.

संपादक

कोण कुठे बसून लिहितं यावर जाऊ नका. विजेसाठी वेगळा धागा काढावा.

पाटी_पेन्सिल

धागा वेगळा काढू नका, विषय इथेच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचे व्हिडिओ पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रातून निघाले, मराठीतही आहेत, बरेचसे दोन-तीन मिनिटांचे. त्यातली मोटर आम्ही केली: एक सेल, रबरबँडने बसवलेल्या दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. मुलांनी तारेच्या टोकांवरचं इनॅमल ब्लेडने सगळीकडून खरवडून टाकलं. वेटोळं नुसतं थरथरलं, फिरेना. व्हिडिओ मागे नेला. तिथे तो तीनच बाजूंनी खरवडतो, एक बाजू तशीच ठेवतो. का? यावर तास संपला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, करंट मधे बंद नाही झाला तर ते परत उलटं ओढलं जाईल." तिला हे व्हिडिओने सांगितलं नव्हतं, व्हिडिओने फक्त ब्लेड कुठे थांबवायचं ते दाखवलं होतं. ओंकारभाऊ, आमच्याकडेही कुलूपवाली खोली आहे. या मोटरला ती उघडावी लागली नाही.

वैदेही_डोंबिवली

याची लिंक द्या. आणि मुलीच्या हातात फोन न देता कशी दाखवायची तेही सांगा.

पाटी_पेन्सिल

डाउनलोड करून टीव्हीवर लावा, नेट बंद ठेवून. मग पाठोपाठ काही येत नाही.

मंदाकिनी_सातारा

ओंकार, तुमच्या २०१५ च्या व्हिडिओबद्दल. आज त्या मुलाला विचारलं. त्याने तोच पाहिला होता, एकदा नाही, अनेकदा. ते वाक्य ऐकलंही असेल. तरी वर्गात "ओढली जाईल" म्हणाला. बरोबर वाक्य व्हिडिओत होतं म्हणून ते त्याच्या डोक्यात शिरलं असं होत नाही. मी वर लिहिलं ते हेच.

लाईनवाले_तात्या

लिटमसभाऊ, त्या पोराला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. आता म्हणतो, "म्हणजे बंद तारेलाही हात लावायचा नाही." एवढं कळलं तरी माझं काम झालं. व्हिडिओने हे आधी सांगितलं असतं तर मला घसा कोरडा करावा लागला नसता.

ओंकार_जिंतूर

मॅडम, मुलगा ऐकून विसरला, हे मानतो. पण तुम्ही एक गोष्ट लिहिली आणि तिच्याकडे बघितलं नाहीत. तो वर्गात उभा राहून आपणहून बोलला. तुमच्या सिलॅबसमध्ये कृष्णविवर नाही, त्यावर मार्क नाहीत. ती हौस त्याला कुठून लागली? तो बोलला नसता तर तुमचा प्रश्न आला नसता, खडूही आला नसता. माझ्या शाळेत कुणीच असं उभं राहिलं नाही, कारण बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं.

"मास्तरांनी दुकान बंद करावं" हे वाक्य मागे घेतो, पाटी_पेन्सिल यांच्यासाठी आणि थोडं तुमच्यासाठी. बारा वर्षांबद्दल लिहिलेलं मागे घेणार नाही. त्या खोलीचं कुलूप अजून तसंच आहे, मागच्या दिवाळीत बघून आलो. आता तिथे माझ्या बहिणीचा मुलगा शिकतो, आणि त्याला मी व्हिडिओच पाठवतो. मोटरचाही पाठवीन, सोबत तार आणि चुंबकही.