राजापूरला भाड्याने घर घेऊन स्टुडिओ करायचा विचार आहे, कोणी असं गेलंय का?

ठसा_आणि_शाई

नमस्कार मंडळी. मी प्रिंटमेकर आहे, म्हणजे ठसे कोरून कागदावर छापते; वुडकट (लाकडावर कोरून) आणि एचिंग (धातूच्या पत्र्यावर रसायनाने कोरून) करते, नवरा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. डोंबिवलीत वन बीएचके आहे, हॉलमध्ये प्रेस, पलंगाखाली कागद, आणि दोघांच्या कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा भाड्यात जातो. जागा नाही म्हणून मोठे ब्लॉक कोरणंच बंद झालंय, आणि ते मला आता सहन होत नाही.

दिवाळीत मैत्रिणीकडे राजापूरला गेलो होतो. बाजारातली ती दुमजली घरं बघितली, खाली गाळा, वर राहायचं, जांभ्याच्या रुंद भिंती, आणि कितीतरी घरांना कुलूप. एका मालकांनी जे भाडं सांगितलं तेवढ्यात इकडे एक खोलीसुद्धा मिळत नाही. नवऱ्याचं काम सगळं ऑनलाइन जातं, माझी विक्री मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांतून होते, त्यामुळे पोट तिथल्या कमाईवर अवलंबून नसेल. प्रेस लोखंडी आहे, तीनशे किलोच्या आसपास. पावसाळा, लाईट, नेट, कागदपत्रं याबद्दल कोणी अनुभवाने सांगेल का? आणि आम्ही असं उठून येणं गावातल्या लोकांना कसं वाटेल हेही खरं खरं सांगा.

अर्जुनाकाठचा

ताई, मी राजापूरचाच, नोकरीमुळे बोरिवलीत. सगळ्यात आधी विचारतो, ते घर बाजारात नक्की कुठे आहे? जवाहर चौकाच्या बाजूला असेल तर तळमजल्यावर प्रेस ठेवायची नाही, बाकी काही ऐकलं नाहीत तरी एवढं ऐकाच. अर्जुना आणि कोदवली दोन्ही नद्यांचं पाणी एकदम वाढलं की चौकात पूर येतो, दुकानदार माल वर चढवतात, पाणी ओसरलं की गाळ काढतात, हे जवळजवळ दरवर्षीचं आहे. आणि वरच्या मजल्यावर न्यायची म्हणाल तर तिथली जमीन लाकडी, वाशांवर फळ्या ठोकलेल्या, त्यावर तीनशे किलो एका जागी ठेवून चाक फिरवणार कसं? म्हणजे बाजारातलं घर दिसायला कितीही सुंदर असलं तरी तुमच्या कामाचं नाही. चढावरच्या आळ्यांमध्ये बघा, तिथे पुराचं पाणी येत नाही आणि खालच्या खोलीत शहाबादी फरशी किंवा कोबा मिळेल.

दुसरं म्हणजे मालक. आमच्याकडे एका घराला सात-आठ हिस्सेदार असतात, एक दादरला, एक बडोद्याला, एकाचा फोनच लागत नाही. तुमच्याशी जो बोलला त्याला भाड्याने द्यायचा अधिकार आहे का ते बघा, नगरपरिषदेची घरपट्टी कोणाच्या नावावर येते आणि प्रॉपर्टी कार्डावर कोणाकोणाची नावं आहेत ते मागा. बाकीच्यांची लेखी संमती घ्या. नाहीतर गणपतीला सगळे घरी आले की तुमच्या सामानावरून वाद सुरू होतो. लीव्ह अँड लायसन्स रजिस्टरच करा, कायद्याने ते करावंच लागतं. शाकारणी (पावसाआधी कौलं नीट लावणं) कोणी करायची, कौलं फुटली तर खर्च कोणाचा, हेही त्यातच लिहून घ्या, कारण मे महिन्यात माणूस मिळत नाही आणि जूनमध्ये छप्पर थांबत नाही.

तुम्ही याल तर मला आनंदच होईल. राजापूर एकेकाळचं मोठं बंदर, इंग्रजांनी इथे वखार घातली होती, अणुस्कुऱ्याच्या घाटाने देशावरचा माल उतरायचा. खाडी गाळाने भरत गेली, गलबतं येईनाशी झाली, रेल्वे आली ती गावापासून लांबून गेली, आणि माणसं मुंबईला. आमचं स्वतःचं घर बंद आहे. बंद घर किती लवकर पडतं हे बघवत नाही, वाळवी लागते, एक वासा बसतो आणि मग पुढच्या पावसात अख्खी पडवी जाते. राहतं घर टिकतं.

शाडूमाती

मी पुण्याहून देवगडकडे येऊन राहिलोय, मातीकाम आणि चित्रं दोन्ही करतो, त्यामुळे पावसाचं मी सांगतो. जून ते सप्टेंबर राजापूरकडे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नुसता पाऊस नाही, हवाच ओली असते. कागदावर बुरशी येते, आधी बारीक तांबूस ठिपके, मग ते पसरतात आणि जात नाहीत. वुडकटचे ब्लॉक फुगतात, वाकतात. मी कागदासाठी पत्र्याचं कपाट केलंय, तळाशी जुन्या पद्धतीचा चाळीस वॅटचा बल्ब पावसाळाभर चालू, कागद बल्बपासून लांब वरच्या कप्प्यांत, प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकमध्ये आणि सोबत सिलिका जेल, ते महिन्याने तव्यावर तापवून परत वापरायचं. लाईट गेली की बल्ब बंद, म्हणून प्लास्टिक हवंच. इथली जुनी माणसं बियाणं चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवतात ते याच कारणाने, तुमचे कोरलेले ब्लॉक तिथे ठेवता आले तर बघा, धुराने लाकडाला कीडही लागत नाही. प्रेसच्या रोलरला ग्रीस लावून कापड गुंडाळायचं. मोठ्या आवृत्त्या, म्हणजे एकाच ठशाच्या अनेक प्रती, नोव्हेंबर ते मे छापा, पावसात कोरा, स्केच करा.

आता एक गोष्ट जी कोणी सांगणार नाही. तुम्ही एचिंग करता म्हणजे तांब्याचा पत्रा खाणारं फेरिक क्लोराईड वापरत असाल. शहरात ते मोरीत ओततात, तेही चूकच आहे, पण इथे तर अजिबातच नाही. जांभा सच्छिद्र असतो, परसात ओतलेलं पाणी खाली झिरपतं आणि शेजारच्या विहिरीत निघतं, आणि वापरलेल्या द्रावणात तांबं असतं. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून ते निवळायचं, फेस येतो म्हणून मोठं प्लास्टिकचं भांडं घ्या, गाळ खाली बसू द्या, तो गाळ वेगळा बरणीत भरून शहरात धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. हे जमणार नसेल तर इथे फक्त वुडकट करा, एचिंग डोंबिवलीला जाऊन करा. विहिरीच्या बाबतीत मी कडक बोलतोय कारण उन्हाळ्यात पूर्ण आळी एका विहिरीवर असते.

लाईट वादळात जाते, कधी दोन-दोन दिवस. इन्व्हर्टर घ्या. नेटचं आधी त्या घरात उभं राहून तपासा, दोन कंपन्यांची सिमं घेऊन जा, एका खोलीत येतं आणि दुसरीत येत नाही असं असतं.

वाडीतली_मुलगी

थोडं कडू बोलते, राग मानू नका. मी तालुक्यातलीच. माझ्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं मुंबईला गेली कारण इथे काम नाही, शाळेत पोरं नाहीत म्हणून शाळा बंद करायच्या गोष्टी होतात, आणि शहरातली माणसं म्हणतात किती छान, किती स्वस्त. स्वस्त आहे कारण आम्ही गेलो. अलिबागचं बघा, मार्च 2020 ला मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) सुरू झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईच्या पैसेवाल्यांनी जमिनी घेतल्या होत्या आणि आज तिथल्या साध्या कोळ्या-आगऱ्याला स्वतःच्या गावात गुंठा घेणं परवडत नाही. आमच्याकडेही रिफायनरीच्या चर्चेपासून बाहेरच्यांचे जमिनीचे व्यवहार सगळ्यांनी पाहिलेत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही असा कायदा आहे, तरी एजंट वाट काढून देतो म्हणतात. त्या वाटेला जाऊ नका. भाड्याने राहा, तुमचा आम्हाला त्रास नाही.

आणि इथे कला आणायला येतोय असं मनात असेल तर ते मुंबईलाच ठेवून या. नमन आहे, जाखडी आहे, या आमच्या लोककला, आणि गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा, आहेत. आमच्या आळीतले मूर्तिकार काका आषाढ लागला की शाळा उघडतात, लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात, कोणाचा गणपती किती उंच, कोणाचं सोवळं कुठल्या रंगाचं, कोणाकडे उंदीर डाव्या बाजूला, सगळं काकांना तोंडपाठ. डोळे ते शेवटी लिहितात, रात्री, आणि त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. भाद्रपद संपला की हेच काका रंगाची कामं शोधत फिरतात, घरांना रंग. त्यांचा मुलगा सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात शिकून अंधेरीला सेट रंगवतोय. तुमच्यामुळे अशा एकाला जरी गावात राहून बारमाही काम मिळालं तर मी स्वतः तुमचं सामान उतरवायला येईन.

कुडाळकर

वरच्या ताईंचा बरोबर आसा. कुडाळात इलात तर पिंगुळीक नक्की जावा. चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांचं काम ठाकर समाजाने गावात राहूनच जपलंय, परशुराम गंगावणे यांना 2021 ला पद्मश्री मिळाली. बघायला माणसं बाहेरून येतात, घर सोडून कोणाला जावं लागलं नाही, ते कसं जमवलं हे त्यांच्याकडे बसून ऐका.

अजून एक, राजापूर तालुक्यातली कातळशिल्पं, म्हणजे जांभ्याच्या सड्यावर कोरलेली जुनी चित्रं, बघाल तेव्हा, बारसूला दोन वाघांच्या मधला माणूस आहे, देवाचे गोठणे, देवीहसोळ, प्रिंटमेकर माणसाला कागद ठेवून घासून ठसा घ्यायचा मोह होणारच. घेऊ नका. खडूने रेषा भरूनही फोटो काढू नका. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 ला गेलीत पण जागेवर राखण करणारं फारसं कोणी नसतं. बाजूला बसून चित्र काढा.

ठसा_आणि_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्जुनाकाठचे दादा, घर चौकापासून हाकेच्या अंतरावरच आहे, म्हणजे ते नाही. फेरिकबद्दल वाचून मी आज दिवसभर विचार करतेय, इकडे आमच्या स्टुडिओत सगळे मोरीतच ओततात. एचिंग तिकडे नेणार नाही, हे ठरलं.

वाडीतल्या ताई, राग अजिबात नाही. मला खरंच विचारायचंय, काकांच्या मुलासारखी हात बसलेली मुलं असतील तर आवृत्ती छापायला मला एक माणूस लागतोच, इकडे मी रोजावर घेते, तो रोज मी तिथे देऊ शकते, नोव्हेंबर ते मे नियमित. फक्त ते काम त्यांना हवंय का हे मी कसं ठरवू? आम्ही घर बघण्याआधी आषाढात येऊन लॉजवर राहतो, पाऊसही कळेल. काकांच्या शाळेत माती मळायला वगैरे आलेलं त्यांना चालेल का, विचाराल का?

वाडीतली_मुलगी

विचारते. माती मळायला हात कमीच पडतात, त्यामुळे नाही म्हणणार नाहीत. मजुरीचं तुम्ही त्यांच्याशी समोरासमोर बोला, फोनवर ते हो-हो म्हणतात. आणि लॉज नको, आमची खालची खोली रिकामी आहे, गाद्या आहेत, टॉवेल आणि छत्र्या तेवढ्या आणा. राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, गाडी पहाटेची असेल तर आधी कळवा, रिक्षा सांगून ठेवावी लागते.