आय७-६७००के आणि ३२ जीबी रॅम: विंडोज ११ झेपेल का?

कळफलक:
मशीन २०१६ चं आहे. आय७-६७००के, झेड१७० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर४, जीटीएक्स १०८०, ५०० जीबी साटा एसएसडी. मायक्रोसॉफ्टचं तपासणी ॲप पीसी हेल्थ चेक सांगतं की प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) सापडत नाही. दोन कोअरचा सेलेरॉन एन४०२० मात्र यादीत आहे! काम फोटोशॉप, व्हिडिओ एडिटिंग आणि डोंगलवर (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) चालणाऱ्या जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचं. टीपीएमचं मॉड्यूल विकत घ्यावं का? विंडोज नव्याने टाकावी लागेल का?

जुनाबोर्ड:
मॉड्यूलवर पैसे घालू नका. झेड१७० मध्ये इंटेल पीटीटी असतं, तेच टीपीएम २.० म्हणून चालतं; कारखान्यातून ते बंद येतं एवढंच. मॉड्यूल लागतं ते एक्स९९ सारख्या बोर्डांना, आणि तेही त्याच बोर्डाच्या पिनांना जुळणारं.

क्रम चुकवू नका. आधी पूर्ण बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर सस्पेंड करा. मग बायोस अपडेट करून पीटीटी चालू करा. डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) असेल तर सीएसएमला (बायोसमधली जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) अजून हात लावू नका, नाहीतर विंडोज बूटच होणार नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर२जीपीटी (डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं विंडोजचं साधन) आधी 'व्हॅलिडेट' आणि मग 'कन्व्हर्ट' देऊन चालवा, दोन्ही वेळा 'अलाउफुलओएस' जोडून. त्यानंतरच सीएसएम बंद, सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सॉफ्टवेअरनेच बूट होऊ देणारी सोय) चालू. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सिक्युअर बूट तरीही ऑफ दिसलं, तर बायोसमध्ये डिफॉल्ट कीज लोड करायच्या राहिल्यात.

उरतो फक्त प्रोसेसर. इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, तुमचा सहाव्या पिढीचा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एचकेएलएम > सिस्टिम > सेटअप > मोसेटअप इथे 'अलाऊअपग्रेड्सविथअनसपोर्टेडटीपीएमऑरसीपीयू' या इंग्रजी नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) तयार करून किंमत १ द्या. विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) माउंट करून सेटअप चालवला की इशारा येईल, तो स्वीकारा. फाइल्स आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात.

धागा_डोरा:
वेगाचं खरं दुखणं मेमरी इंटिग्रिटी (घातक ड्रायव्हर आत शिरू न देणारं विंडोजचं संरक्षण). त्यासाठी लागणारी एमबीईसी ही प्रोसेसरमधली सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आली. सहाव्या पिढीत तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं, म्हणून मशीन जड वाटतं. अपग्रेडनंतर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशन उघडून ती चालू आहे का ते पाहा. बंद केली तर वेग परत येतो, पण संरक्षणाचा एक थर जातो. बँकेचं काम याच मशीनवर असेल तर मी ती चालू ठेवायला सांगेन.

डोंगलचं आधी बघा. जुन्या हॅस्प डोंगलचा हार्डलॉक.सिस हा ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटीशी जुळत नाही. नवा ड्रायव्हर टाकून डोंगल विंडोज १० वरच तपासून घ्या.

कळफलक:
व्हॅलिडेट अडलं: 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड फॉर डिस्क ०'. सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह आहेत.

जुनाबोर्ड:
मशीन जोडून देताना डी आणि ई बहुधा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत लॉजिकल केलेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यांच्याभोवती हिरवी चौकट दिसेल. एमबीआर२जीपीटीला लॉजिकल पार्टिशन चालत नाही, प्रायमरीही तीनपर्यंतच. डी आणि ई चा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, चार-दोन फाइल्स तिथून उघडून बघा. मग दोन्ही ड्राइव्ह आणि उरलेली एक्स्टेंडेड जागा डिलीट करून पुन्हा व्हॅलिडेट करा. 'सिस्टिम रिझर्व्ड' ला मात्र हात लावू नका, बूटच्या फाइल्स तिथेच असतात. कन्व्हर्ट झाल्यावर रिकाम्या जागेत डी परत बनवा.

धागा_डोरा:
पुढचंही लक्षात ठेवा. अशा मशीनवर दरमहाचे सुरक्षा अपडेट येतात, पण मायक्रोसॉफ्ट त्यांची हमी देत नाही. वार्षिक आवृत्ती आपोआप येत नाही. दरवर्षी आयएसओ उतरवून हाच सेटअप चालवावा लागतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएसई४.२ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) सक्तीचं झालंय, ते तुमच्याकडे आहे. जुन्या कोअर २ क्वाड प्रोसेसरवाल्यांचा रस्ता तिथे संपला.

डोंगल अडलंच, तर घाई नको. विंडोज १० २२एच२ वर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत.