पुढे गेलात, तर ते मागे राहिलेल्यापासून लपवावं का?

रेघोटी: बढतीच्या परीक्षेचा अभ्यास मी आणि माझी मैत्रीण सात महिने एकत्र करत होतो. वही एकच. डाव्या पानांवर तिचं अक्षर, उजव्या पानांवर माझं. आकडेमोडीचा भाग माझ्या डोक्यात शिरत नव्हता, तो तिने मला तीन-तीनदा समजावला. निकाल लागला तेव्हा मी पहिल्या पाचांत, आणि तिचं नाव यादीतच नाही. तिचा फोन आला तर माझ्या तोंडून निघालं, "अगं, कशीबशी सुटले." पलीकडे शांतता. यादी तिनेही पाहिली होती.

चार महिने झाले, आम्ही कामापुरतंच बोलतो. आधी वाटायचं, माझं यश तिला सलतंय. आता वाटतं, ते वाक्य सलतंय.

या अवघडलेपणावर एक्सलाइन आणि लोबेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लिहून ठेवलंय. समोरचा आपल्याशी तुलना करतोय, ती त्याला बोचतेय असं वाटणं, आणि त्यामुळे आपला जीव खालीवर होणं, हे तिन्ही जुळलं की माणूस असा कानकोंडा होतो. पण ही काळजी दर वेळी समोरच्याचीच असते असं नाही, स्वतःचीही असू शकते, हे त्यांचं म्हणणं मला फार लागलं. मला तिच्या दुःखाची नाही, तिच्या रागाची भीती होती. म्हणून माझं स्पष्ट मत: यश लपवणं म्हणजे समोरच्याला लहान समजणं.

उंबरठा: साफ असहमत. मी मागे राहिलेल्यांपैकी आहे. ज्या जागेसाठी आम्ही दोघांनी अर्ज केला होता, ती मित्राला मिळाली आणि तो त्याच संध्याकाळी पत्र घेऊन घरी आला. मी हसून हसून गाल दुखवून घेतले. तो गेल्यावर दिवाही न लावता बसून राहिलो. त्याने दोन दिवस तोंड मिटलं असतं तर त्याचं काय जाणार होतं? तुमचं "कशीबशी" खोटं असेल, पण त्यात माया होती. सगळा खरेपणा त्याच क्षणी समोरच्याच्या तोंडावर फेकायलाच हवा का?

शांताक्षर: उंबरठा, तुमचं दुखणं कळतं, पण ते खोटं पचत नाही. रॉबर्ट्स, लिव्हाइन आणि सेझर यांचं २०२१ चं संशोधन याच विषयावर आहे. यश लपवल्याचं कळलं की लोक दुखावतात, जवळीक कमी होते. 'हिला वाटलं मला झेपणार नाही,' हा अपमान त्यात असतो. रेघोटींच्या मैत्रिणीने तर यादी आधीच पाहिली होती! तिला सांत्वन नाही मिळालं, खोटं ऐकावं लागलं.

दुपारची सावली: तुम्ही दोघं फक्त शब्दांबद्दल बोलताय. मी तर गुणच लपवले. शाळेत दादा आणि मी एकाच वर्गात होतो, तो एक वर्ष मागे राहिल्यामुळे. त्याच्यापेक्षा जास्त गुण पडले की घरात त्याला बोलणी बसायची. एकदा परीक्षेत मी बरोबर आलेली दोन उत्तरं खोडरबराने पुसली. कागद फाटेल इतकं घासलं होतं. दादाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, बोलणी बसायची ती बसलीच. मला मात्र स्वतःला पुसून टाकायची सवय लागली, आणि नोकरीत ती फार महाग पडली. मायेने सुरू झालेलं लपवणं कुठवर जातं ते बघा.

उंबरठा: सावलीताई, हे वाचून गलबललो. चूक तुमच्या घरातल्या मोठ्यांची होती, तुलना त्यांनी केली. पण दोन उत्तरं पुसणं आणि दोन दिवस गप्प बसणं एका मापाने मोजू नका. मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी हेच मांडलंय: आपल्याला ज्यात पुढे जायचं असतं, त्यातच जवळचा माणूस पुढे गेला तर परक्यापेक्षा जास्त लागतं. माझा मित्र चित्रकार झाला असता तर मीच गावभर सांगत फिरलो असतो. जखम जवळची आहे, तर हातही जपून लावायला नको का?

रेघोटी: उंबरठा, मग तो दोन दिवसांनी आला असता आणि सरळ सांगितलं असतं तर?

उंबरठा: तर चाललं असतं. पण मधल्या दोन दिवसांत मीच फोन केला असता आणि तो "कशीबशी" म्हणाला असता, तरी मी माफ केलं असतं. यावर मी ठाम आहे.

शांताक्षर: मी नसतं केलं.

रेघोटी: ती पुन्हा परीक्षेला बसतेय. वही अजून माझ्याकडेच आहे. उद्या नेऊन देते आणि त्या दिवशी खोटं बोलले हे सांगते. उजवीकडची पानं तिला चालतील का, तेही तिलाच विचारते.